औषधात बुडवलेला कोट

आमच्या गावात ताप आला की कोणता ताप, असं कोणी विचारत नसे. थंडी वाजून आला म्हणजे मलेरिया. पावसाळा ओसरला, धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, पाणी साचून राहिलं की घरटी एक जण गोधडीखाली कुडकुडत पडलेला असायचा. गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाला टेकलेलं गाव. वडील बांबूतोडीला जायचे. ते कामावर असले की घरात तांदूळ असायचा, तापानं पडले की नसायचा. इतकं सरळ होतं सगळं.

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना तिला असाच ताप आला. मी नऊची होते. पहिल्या दिवशी आईनं तिला पेज पाजली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला सायकलवर पुढे बसवून उपकेंद्रात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी बोट टोचून रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. गोळ्या पोटात टिकल्या नाहीत, उलटून पडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. मोठ्या दवाखान्याच्या अलीकडच्या फाट्यावर ती आईच्या मांडीवर गेली. मी पुढच्या सीटवर होते. आई ओरडली नाही. ड्रायव्हरला एवढंच म्हणाली, "गाडी पलटव, भाऊ."

त्या दिवाळीनंतर आम्ही गाव सोडलं. आईनं वडिलांना सांगितलं होतं, "आता एकच उरली. हिले मी या हवेत नाही ठेवत." आमच्या तालुक्यातला एक जण पुण्यात वारज्याला एका बांधकामावर मुकादम होता. वडील तिथं वॉचमन झाले, आई विटा उचलायला लागली. आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो. बांधकाम म्हटलं की पाण्याचे पिंप, टाक्या, डबकी. आईला पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या की ती अख्खं पिंप लाथेनं आडवं करायची. मुकादम डोक्याला हात लावायचा.

"वहिनी, अहो सिमेंट कालवायला पाणी लागतं."

"नवीन भरा. हे पानी मी नाही राहू देत."

"टँकर काय तुमच्या वडिलांचा आहे?"

"असता तं आधी तोच सांडला असता."

पुढे ती आसपासच्या सोसायट्यांत पोळ्या करायला लागली आणि आम्ही वारज्यातच एका चाळीत दोन खोल्यांत आलो. मी शाळा केली, कॉलेज केलं, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. हे मी जिथं तिथं सांगते आणि पुढेही सांगेन. लाजायचं असेल तर ज्यांना तीन पिढ्या आयतं मिळालं त्यांनी लाजावं.

ज्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं तिथं मलेरियावर एमआरएनए लस तयार करण्याचा प्रयत्न चालला होता. आमच्या प्रमुख मॅडम शनिवार पेठेत वाढलेल्या. बोलणं मोजकं आणि कोरडं. मुलाखतीत त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "डासांची भीती वाटते का?"

"नाही. राग आहे."

"रागाचं इथे काही काम नाही. अळ्या मोजता येतील?"

"येतील."

"मग या सोमवारपासून."

असं माझ्याकडे डासघर आलं. लसीच्या कामात डास कशाला, असं लोक विचारतात. लस खरंच काम करते का हे पाहायचं तर मलेरियाचा जंतू लागतो, आणि त्याचं दुसऱ्याच्या अंगात शिरणारं रूप फक्त डासात तयार होतं. म्हणून डास पाळायचे. ट्रेमध्ये अळ्या वाढवायच्या, त्यांना माशांचं खाद्य कुटून घालायचं, कोष झाले की जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे, डास बाहेर आले की साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस द्यायचा. आमच्याकडचा जंतू उंदरांच्या मलेरियाचा होता, माणसाला तो होत नाही. त्याला फक्त माणसाच्या मलेरियाच्या जंतूचं वरचं आवरण चढवलेलं होतं, म्हणजे आमच्या लसीची परीक्षा उंदरांवर घेता येईल. डासघराच्या दारावर मॅडमच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: अंगाला अत्तर, तेल वा उदबत्तीचा वास असल्यास बाहेरूनच नमस्कार करावा.

घरी मी एवढंच सांगितलं होतं की लस बनवतो. डासांचं एक वर्षभर बोलले नाही. ते फोडलं माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलानं. तो खराडीचा, पीएच. डी. करणारा, आईवडील दोघं आयटीत. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला होता. आई गरम पोळी वाढत होती.

"काकू, ॲक्चुअली ताई डासांची एकदम मम्मी आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी त्यांना शुगर वॉटर. ताई सुटीवर असल्या की डास अपसेट."

आईचा हात पोळीसकट तिथंच थांबला. त्याच्या ताटात तिनं पोळी टाकली, पण नंतर तो जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "तूनं डास पाळले?"

"आई, ते कामाचे डास आहेत."

"डास कामाचा कधीपासून झाला?"

दोन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता तिनं आपणहून विषय काढला. "त्या लसीत काय टाकता? मलेरियाच टाकता का?"

मी तिला समजावून सांगितलं. ह्या लसीत जंतू नसतोच. जंतूच्या अंगावरचं आवरण कसं बनवायचं, एवढा मजकूर असलेला एक नाजूक धागा असतो. तो आपल्या पेशींत गेला की पेशी ते आवरण स्वतः करतात. शरीर ते पाहून ठेवतं, आणि खरा जंतू आला की त्याला ओळखून धरतं. डास चावला की अर्ध्या-पाऊण तासात जंतू यकृतात शिरतो, तिथं वाढतो, मग रक्तात उतरतो आणि माणूस कुडकुडायला लागतो. आम्हाला त्याला यकृताच्या दारातच धरायचं आहे. आईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी म्हटलं, "तू ज्या घरी जातेस तिथल्या वहिनी ऑफिसला जाताना सांगून जातात ना, आज मेथीची भाजी करा म्हणून? त्या भाजी करून आणून देत नाहीत. नुसतं सांगतात. करतेस तू. तसं."

"अन शरीरानं चुकीची भाजी केली तं?"

"म्हणून तर आधी उंदरांना देतो."

"मंग उंदराच्या आंगात तो निरोप पोचेपर्यंत टिकते का?"

माझी आई शाळेत गेलेली नाही. पण हा प्रश्न ज्यावर लोकांची आयुष्यं गेली तोच होता. "नाही टिकत," मी म्हटलं, "लगेच विरतो. म्हणून चरबीच्या अगदी बारीक थेंबात गुंडाळून देतात."

"तुपात?"

"तुपासारखंच काहीतरी समज."

"मंग बरं आहे. तुपातून देल्लं औषध लवकर लागते." लस तिनं पास केली. डास मात्र केले नाहीत. "त्या जाळीत तू हात घालतेस?"

"घालते."

"हातावर काय असते?"

"मोजे. आणि कोटाची बाही."

"एक डाव आन तो कोट. पाहू दे."

डासघराचा कोट बाहेर न्यायचा नाही, असा नियम होता. तो मला पाठ होता, नवीन लोकांना तो मीच सांगायचे. तरी शनिवारी मी कोट पिशवीत घालून घरी नेला. खरं कारण आईनं सांगितलं हे नव्हतं. आमच्या घरात पांढरा कोट कधी आला नव्हता. तो आईनं हातात घ्यावा, शेजारणीला दाखवावा, असं मला वाटत होतं. तिनं तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "हा कोट आहे का पोतं? धुऊन देऊ का मी?" मी म्हटलं, धू. रविवारी दुपारी मी बाजारातून आले तेव्हा कोट पलंगाखाली जुन्या चटईवर सपाट पसरून वाळत घातलेला होता. दोरीवर का नाही घातला, हे मी विचारलं नाही. चुण्या पडू नयेत म्हणून असेल, असं समजले. सोमवारी तो इस्त्री केलेला कोट घालून मी ऐटीत डासघरात शिरले.

तो सोमवार साधा नव्हता. गुरुवारी परीक्षा होती. उंदरांना लसीचे तिन्ही डोस देऊन झाले होते. त्यांच्यासाठी वाढवलेले जंतूवाले डास तीन पिंजऱ्यांत होते. डासाच्या पोटात गेलेला जंतू त्याच्या लाळेत उतरायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, आणि ते गुरुवारी भरत होते. गुरुवारी ते डास उंदरांना चावायचे होते. ती तारीख हुकली असती तर नवे डास तयार होईपर्यंत उंदरांचा लसीचा काळ उलटून गेला असता. पुन्हा पहिल्या डोसापासून सुरुवात, आणि लसीची ती खेप तर तेवढीच होती. नवी खेप करायला कित्येक महिने.

सोमवारी दोन पिंजऱ्यांतला कापूस मी बदलला. तिसरा पिंजरा खराडीच्या मुलानं बघितला, कारण मला अळ्यांचे ट्रे उरकायचे होते.

मंगळवारी सकाळी माझ्या दोन्ही पिंजऱ्यांच्या तळाशी डास पाठीवर पडलेले होते. पाय वर. दोनचार जागच्या जागी गोल फिरत होते. तिसऱ्या पिंजऱ्यातले डास जाळीवर शहाण्यासारखे बसलेले.

मॅडम आल्या. त्यांनी काही विचारायच्या आधी सगळं पाहिलं. साखरेचं पाणी, कापसाचा गठ्ठा, दमटपणाचं यंत्र. मग माझ्या दोन पिंजऱ्यांजवळच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारच्या सोसायटीच्या माळ्यानं सोमवारी गुलाबांवर फवारणी केली होती, हे आमच्या शिपायानं सांगितलं.

"सापडलं," मॅडम म्हणाल्या. त्या लगेच सोसायटीच्या चेअरमनना पत्र लिहायला बसल्या. मला वाचूनही दाखवलं. "आपल्या गुलाबांच्या प्रकृतीविषयी आम्हांस आस्था आहेच. तथापि आपल्या कुंपणापलीकडेही काही जीव राहतात, ते आपल्या सभासदांइतके त्रासदायक नसले तरी तितकेच जपावे लागतात." उद्या छापून पाठवू, असं ठरलं. उरलेल्या डासांचं काय करायचं ते मात्र ठरलं नाही. तिसऱ्या पिंजऱ्यातले डास सगळ्या उंदरांना पुरणारे नव्हते.

संध्याकाळी मी घरी आले. आई भाकरी थापत होती. माझा चेहरा पाहून काही झालंय हे तिला कळलं असणार, पण ती तिच्याच विचारात होती.

"तो कोट तिकडं धुवाले टाकू नको हं," ती म्हणाली. "धुतला का औषध उतरते."

"कोणतं औषध?"

"मच्छरदानीचं. सहा महिन्यामागचं उरलेलं तुह्या मावशीकडून मागवलं होतं, गावचा एक जन येत होता त्याच्या हातानं."

माझी मावशी गावात आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे दरवर्षी मच्छरदाण्या औषधात बुडवतात. लोक आपापल्या मच्छरदाण्या घेऊन येतात, टबात मोजून पाणी, मोजून औषध, हातात पिशव्या घालून मच्छरदाणी दाबायची, पिळायची नाही, सावलीत सपाट वाळवायची. त्यावर बसलेला डास मरतो. आईनं माझा कोट अगदी तसाच बुडवला होता. लोट्यानं पाणी मोजून. त्या औषधाला वाळल्यावर वास राहत नाही. म्हणून दारावरच्या कागदाचाही उपयोग झाला नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हळूच, जरा अभिमानानं विचारलं, "मेले का?"

"मेले," मी म्हटलं. "आई, तेच डास पाहिजे होते. त्यांच्याशिवाय लस खरी का खोटी हे कळणार नाही. तू माझं तीन महिन्यांचं काम मारलंस."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले.

तिनं गॅस बंद केला. भाकरी तव्यावरच राहिली. बराच वेळ ती परातीतलं पीठ एका बाजूला गोळा करत राहिली. मग म्हणाली, "त्या साली मच्छरदानी बुडवून देल्ली होती."

कोणती साल, हे मला विचारावं लागलं नाही.

"तुहे मामा येनार होते. मच्छरदानी मळकी दिसे, तवाच्या औषधाले वासही येत होता. मी म्हटलं, पाहुन्यापुढं अशी कशी टांगू? नदीवर नेली अन साबन लावून धुतली. चकचकीत केली. पंधरा दिवसानं पोरीले ताप आला." ती परातीकडेच बघत होती. "मंग मावशी बोलली, धुवाची नसते, औषध जाते. मी तिले सांगतलं नाही का मी धुतली. तुह्या बापालेही सांगतलं नाही. आजपर्यंत नाही."

बावीस वर्षं ती हे एकटीनं घेऊन वावरत होती. पिंपं लाथाडत होती, मुकादमाशी भांडत होती, आणि आम्ही तिला तापट म्हणून हसत होतो.

मी शिकलेली आहे, म्हणून तिला खोटं सांगणार नव्हते. धुतलेल्या मच्छरदाणीमुळेच ती गेली का, हे कोणी सांगू शकत नाही. डास संध्याकाळी अंगणातही चावतो. पण मच्छरदाणीचा काही संबंधच नाही, असंही मी म्हणू शकत नव्हते. मी विचारलं, "धुवायची नाही, हे तुला तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

"सांगतलं असन. लई लोक होते. मागं उभी होती मी."

"मग तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"आई, आज मला नियम माहीत होता. कोट बाहेर न्यायचा नाही, हा. आणि मी नेला. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी आहे."

थोड्या वेळानं तिनं गॅस लावला आणि ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. मी ती उचलून माझ्या ताटात घेतली. तिनं पुन्हा तिच्याकडे ओढली. शेवटी आम्ही ती अर्धी अर्धी खाल्ली.

बुधवारी सकाळी मी मॅडमच्या आधी पोचले. त्यांच्या टेबलावर ते पत्र छापून ठेवलेलं होतं, फक्त सही राहिली होती. त्या आल्यावर मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कोट, पिशवी, मावशी, टब. नोकरी जाईल हे मी धरून चालले होते.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे आपल्या आईंनी सहा महिने जुन्या औषधात, घरच्या टबात, लोट्यानं मोजून कोट बुडवला, आणि त्यानं दोन पिंजरे साफ झाले?"

"हो."

"आमच्याकडे पदव्या घेतलेल्या लोकांना इतकं अचूक द्रावण जमत नाही." त्यांनी पत्र उचललं, दुमडलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. "चेअरमन वाचले. नोंदवही आणा. जसं घडलं तसं लिहा."

मी लिहायला लागले आणि थांबले. "आईनं कोट औषधात बुडवला, असं लिहू?"

"तुम्ही कोट घरी नेलात आणि त्याला कीटकनाशक लागलं, असं लिहा. आईंनी आमचा कोणताही नियम मोडलेला नाही."

मी खाली मान घालून लिहिलं. पानावर पडलेला थेंब बाहीनं टिपला.

मग त्या म्हणाल्या, "रडून झालं असेल तर कामाचं बोलू. तिसऱ्या पिंजऱ्यातले डास चावायला पुरणार नाहीत. पण एका डासाच्या लाळग्रंथीत हजारो जंतू असतात. डास चावतो तेव्हा त्यातले थोडेच सोडतो. ग्रंथी काढून, जंतू मोजून, सुईनं दिले तर?"

"पुरतील," मी म्हटलं.

"परीक्षा जास्त कडक होईल. डास कातडीत सोडतो, सुई थेट रक्तात सोडेल. लसीला उसंत मिळणार नाही. आणि काढलेले जंतू फार वेळ तरतरीत राहत नाहीत. हात भराभर चालायला हवा. चालेल?"

"चालेल."

माझा हात ह्या कामात बसलेला आहे, हे मी न लाजता सांगते. डासाला बर्फावर गार करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं. एका सुईनं धड हलकेच दाबायचं, दुसरीनं डोकं ओढायचं. ओढ बरोबर बसली तर डोक्याच्या मागोमाग दोन पारदर्शक लोंब्या बाहेर येतात. त्या लाळग्रंथी. ओढ जास्त झाली की तुटतात. गुरुवारी सकाळी मी बसले, खराडीचा मुलगा बसला, आणि तिसऱ्या खुर्चीवर मॅडम येऊन बसल्या. त्यांनी हे काम कित्येक वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी पहिल्या दोन ग्रंथी तोडल्या.

"मॅडम, थोडं सॉफ्ट," तो मुलगा म्हणाला.

"तुमच्या जन्माआधीपासून मी हे करते आहे."

"हो मॅडम, पण डास नवीन आहे ना."

त्या हसल्या नाहीत, पण तिसरी ग्रंथी अखंड आली. माझ्या काचेवर एकामागून एक ग्रंथी जमत गेल्या. शेवटी त्या चिरडून थेंब भिंगाखाली धरला तेव्हा त्यात बारीक चंद्रकोरीसारखे जंतू सरपटताना दिसले. जिवंत होते. माझ्या बहिणीच्या अंगात शिरलेल्याचे लांबचे भाऊबंद. मी ते मोजले, पुन्हा मोजले, आणि पुरेसे भरले. दुपारच्या जेवणाआधी सगळ्या उंदरांना टोचून झालं. लस दिलेल्यांनाही, न दिलेल्यांनाही.

जाताना मॅडम म्हणाल्या, "आईंना सांगा, कोट आम्ही बंद पिशवीत जपून ठेवलाय. पुन्हा कधी डास मारायचे झाले तर त्यांनाच बोलावू."

मी घरी हे जसंच्या तसं सांगितलं. आईनं फक्त एकच विचारलं. "वहीत माहं नाव लिवलं का?"

"नाही. माझं लिहिलंय."

शुक्रवारी तिनं पहाटे उठून कोथिंबीर भरून सांबारवड्या केल्या. डबा भरताना म्हणाली, "तुह्या बाईले दे. तिखट आहे म्हनावं, हळू खा." मॅडमनी डबा उघडला, वास घेतला. "ह्यात औषध नाही ना?" म्हणाल्या आणि एकट्यांनी चार खाल्ल्या.

मग वाट पाहणं. चौथ्या दिवसापासून रोज प्रत्येक उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर पसरायचा, रंगवायचा, आणि जंतू दिसतो का ते बघायचं. कोणती काच कोणत्या उंदराची हे मला माहीत नव्हतं. मुलगा नंबर घालून द्यायचा, यादी मॅडमच्या कपाटात. बघणाऱ्याच्या मनात आशा असली की डोळा फसतो, म्हणून असं करतात. माझ्या मनात आशा फार होती. काही काचांवर चौथ्याच दिवशी लाल पेशींत जांभळे ठिपके दिसले. सहाव्या दिवशी आणखी काचांवर. काही काचा मात्र रोज कोऱ्याच. मी रोज त्या कोऱ्या काचा दोनदा बघत होते, कुठं काही राहिलं तर नाही म्हणून.

आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हनते उंदीर?"

"अजून यादी उघडली नाही."

"मंग उघड ना."

"मी नाही उघडायची, आई. मॅडम उघडणार. आधी उघडली तर मीच मला फसवीन."

हे तिला पटलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आपलं आपल्याले दिसत नाही." त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. दार उघडताना नुसती बघायची.

चौदाव्या दिवशी मॅडमनी कपाटातून यादी काढली. मी माझी वही उघडली. एक एक नंबर त्या वाचत गेल्या, मी जंतू आहे की नाही ते सांगत गेले. मुलगा फळ्यावर खुणा करत होता. अर्ध्यावर आल्यावर त्याचा हात हळू झाला, कारण त्याला दिसायला लागलं होतं. लस न दिलेल्या सगळ्या उंदरांच्या रक्तात जंतू होते. लस दिलेल्यांतल्या बहुतेकांच्या काचा शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या होत्या.

मॅडम फळ्याकडे बघत राहिल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता पुन्हा करा. ह्या वेळी डास जिवंत ठेवून."

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरात होती, मागे कुकरची शिट्टी झाली.

"आई, लस चालली. उंदरांत चालली."

"मानसाले कधी?"

"वेळ आहे. अजून पुष्कळ तपासायचं आहे. माणसांत चालेलच असंही नाही."

"पन सुरू तं झालं."

"झालं."

"मी बंद करते," ती म्हणाली, "पोळी करपन."

पुढच्या वर्षभरात तीच परीक्षा आम्ही आणखी दोनदा घेतली, दोन्ही वेळा डासांच्या चाव्यानं, आणि लस दोन्ही वेळा टिकली. त्यावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात माझं नाव आहे. यंदा ही लस पहिल्यांदा माणसांना देऊन पाहण्याची परवानगी मिळाली. माणसांत ती किती चालते हे आज कोणालाच माहीत नाही, आम्हालाही नाही. उंदरांमध्ये मलेरियाच्या जंतूला रक्तात उतरण्याआधी अडवणारी एमआरएनए लस आम्ही पुण्यात तयार केली, आणि ज्या डासांनी तिची परीक्षा घेतली ते मी वाढवले होते.